दादर टीटीची दुकाने : खोदादाद सर्कलभोवती बाजार आला कसा, आणि मोठा बाजार पुलापलीकडे का गेला?

नायगावची_सून (प्रश्न)

सर्व सभासदांना नमस्कार.

लग्न होऊन मी नायगावात आले त्याला आता अकरा वर्षे झाली, तरी आमच्या घरात 'दादर' या शब्दाचा अर्थ अजून एक झालेला नाही. सासूबाई खरेदीला निघाल्या की 'टीटीला जाऊन येते' असे सांगतात आणि परकराचे कापड, ब्लाऊजचे अस्तर, साडीचे फॉल-बिडिंग असली कामे उरकून तासाभरात परततात. मी 'दादरला जाते' असे म्हणते तेव्हा मला टिळक पूल ओलांडून रानडे रोड, केळकर रोड आणि कबुतरखान्याचा परिसर अभिप्रेत असतो, आणि तिथून तासाभरात कुणी परत आल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

माझी मुलगी चौथीत आहे आणि शाळेने 'आमच्या जवळचा चौक' असा प्रकल्प दिला आहे. तिने खोदादाद सर्कल, म्हणजे दादर पूर्वेचा टीटीचा चौक, निवडला आणि पहिलाच प्रश्न विचारला की टीटी म्हणजे टेबल टेनिस का. ट्रॅम टर्मिनस एवढे उत्तर मी दिले, परंतु पुढचे प्रश्न माझ्या आवाक्याबाहेरचे निघाले. हा गोल चौक दुकानांसाठी बांधला की वाहनांसाठी? रुंद रस्ते, आखीव इमारती आणि दारात ट्रॅम एवढे सगळे असताना मोठा बाजार इथे न होता पलीकडच्या अरुंद गल्ल्यांत का झाला? आणि चौकाच्या कोपऱ्यांवर इराण्यांचीच हॉटेले का असत, हा सासूबाईंनी त्यात घातलेला प्रश्न. जाणकारांनी सवडीने लिहावे, ही विनंती.

जुने_नकाशे

ताई, चौक आधी आणि दुकाने नंतर, हे आपल्या पहिल्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर. मात्र ते पटण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. आज आपण वांद्र्याच्या आणि शीवच्या पुढे उपनगरे सुरू होतात असे मानतो, पण विसाव्या शतकाच्या आरंभी गिरगाव-भुलेश्वरात राहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने दादर आणि माटुंगा हीच उपनगरे होती. वांद्रे, कुर्ला, अंधेरी ही गावे तर मुंबई शहराच्या हद्दीतही नव्हती. ती १९५० आणि १९५७ साली दोन टप्प्यांत महापालिकेच्या कक्षेत आली. त्यामुळे दादर टीटीला उपनगरी बाजार म्हटले की आजचा वाचक बिचकतो, परंतु त्याचा जन्म तसाच आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि दाटीवाटीच्या वस्त्यांतून तो असा पसरला की सरकारला शहराची बांधणीच बदलण्याचा विचार करावा लागला. त्यासाठी १८९८ साली बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. (मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयही त्याच वर्षीचे. आज ते आपल्याच नायगावच्या बाजूला आहे, तेव्हा प्रकल्पासाठी मुलीला तिथे अवश्य घेऊन जावे.) जुन्या शहरातून रुंद रस्ते काढणे आणि गर्दीला हलण्यासाठी उत्तरेला नवी वस्ती वसवणे, अशी दोन्ही कामे ट्रस्टकडे होती. त्याच्या योजनांना क्रमांक होते. पाचवी योजना दादर-माटुंग्याची आणि सहावी शीव-माटुंग्याची. त्या काळी इथे भातखाचरे, सखल पाणथळ जमीन आणि विखुरलेल्या वाड्या होत्या. ट्रस्टने ती जमीन संपादन केली, भराव घातला, रस्ते आणि गटारे आधी आखली आणि मग भूखंड पाडून दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले. रस्ता आधी, घर नंतर, ही मुंबईला तोवर फारशी ओळखीची रीत नव्हती, कारण जुन्या शहरात घरे आधी उभी राहिली आणि उरलेल्या फटीला रस्ता म्हणण्याचा प्रघात पडला.

भूखंड मात्र बरीच वर्षे रिकामेच राहिले. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी आणि माटुंगा खऱ्या अर्थाने भरले ते पहिल्या महायुद्धानंतर, १९२० आणि १९३० या दोन दशकांत. पारशी कॉलनीच्या उभारणीचे श्रेय मंचेरजी एदलजी जोशी या अभियंत्याकडे जाते; त्यांनी मध्यमवर्गीय पारशी कुटुंबांसाठी ट्रस्टकडून भूखंड राखून घेतले. या वस्तीत राहायला आलेला माणूस चाळीतली खोली सोडून ब्लॉकमध्ये आला होता. न्हाणीघर आणि संडास घरातच असणारा ब्लॉक ही त्या काळी केवढी मोठी गोष्ट होती, हे आज सांगूनही खरे वाटणार नाही.

आता दुकानांकडे येऊ. ट्रस्टच्या आखणीत आतल्या गल्ल्या राहण्यासाठी होत्या आणि दुकाने मुख्य रस्त्यावरच्या इमारतींच्या तळमजल्यावर आली. तेव्हाचा व्हिन्सेंट रोड म्हणजे आजचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग, हा तो मुख्य रस्ता. (ज्यांचे नाव त्याला मिळाले ते स्वतः याच वस्तीत, हिंदू कॉलनीतल्या 'राजगृहा'त राहत असत.) या मार्गावर आडवे रस्ते जिथे येऊन मिळतात तिथे वर्तुळ आखले गेले आणि एम्पायर महाल, इम्पीरियल महाल यांसारख्या कोपऱ्यावरच्या इमारती त्या वर्तुळाच्या वळणाला जुळवून घेऊन उभ्या राहिल्या. आज डोक्यावरून उड्डाणपूल गेल्यामुळे ते वळण एका नजरेत दिसत नाही, पण पदपथावरून चौकाला पुरती फेरी मारली तर इमारतींची तोंडे चौकाकडे वळलेली ध्यानात येतात. मुलीला हे चालत दाखवावे, चित्रात कळणार नाही. खोदादाद हे इराणी-पारशी नाव असून त्याचा अर्थ 'देवाने दिलेला' असा आहे, हेही तिला आवडेल.

ट्रॅमचे म्हणाल तर मुंबईत घोड्यांची ट्रॅम १८७४ साली सुरू झाली, विजेची ७ मे १९०७ रोजी आणि दुमजली १९२० साली. दादरच्या टोकाशी ट्रॅम थांबे, माणसे उतरत आणि पुढे घराकडे चालत किंवा दुसरे वाहन धरत. टोकाच्या थांब्यावर सगळीच्या सगळी गाडी रिकामी होते, आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराला तेवढे पुरे असते. ट्रस्टने नकाशात वळण आखले आणि ट्रॅमने त्याला गिऱ्हाईक आणून दिले, असे माझे मत आहे.

ओट्यावरचा

'जुने_नकाशे' यांनी वरून पाहिलेले टीटी सांगितले. मी खालून, म्हणजे दुकानाच्या ओट्यावरून पाहिलेले सांगतो.

चौकापासून हाकेच्या अंतरावर माझ्या मामांचे कापडाचे दुकान होते. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून शेवटची ट्रॅम दादरला आली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो आणि मामांनी मला त्याच ओट्यावर उभे केले होते. गर्दी अशी होती की मला ट्रॅमचा फक्त वरचा मजला आणि त्यातून हलणारे हात दिसले. मोठी माणसे हळहळत होती. मामांनी मात्र घरी आल्यावर मामीला एवढेच सांगितले, 'आता उद्यापासून गिऱ्हाईक कुठे उभे राहील ते बघायला हवे.' त्या वाक्याचा अर्थ मला पुढे दहा वर्षांनी, कॉलेज सांभाळून दुकानात बसू लागलो तेव्हा कळला. ट्रॅमसाठी थांबलेला माणूस पावसात आमच्या सज्जाखाली येई, उन्हात सावलीला येई, आणि दहा मिनिटे समोरच्या ताग्यांकडे बघत उभे राहिल्यावर त्यातल्या एखाद्याला तरी घरात परकराचे कापड संपल्याचे आठवे. बस आली तेव्हा थांबा थोडा पुढे सरकला आणि त्याबरोबर आमची दुपारही सरकली.

दुकानाला शटर नव्हते, फळ्या होत्या. अकरा फळ्या, उंबऱ्याच्या खाचेत एकीला एक लावून सरकवायच्या आणि शेवटच्या फळीवर आडवा गज टाकून कुलूप लावायचे. प्रत्येक फळीवर आतल्या बाजूने तेलरंगात क्रमांक लिहिलेला होता, कारण सगळ्या सारख्या दिसत असल्या तरी सुताराने प्रत्येकीला ज्या त्या जागेनुसार रंधा मारलेला होता. एकदा घाईत मी चौथी आणि पाचवी अदलाबदल करून लावली, तर अकरावी बसेचना, आणि रात्री साडेनऊला सगळ्या काढून पुन्हा पहिलीपासून लावाव्या लागल्या. मामा काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी भवानी होईपर्यंत त्यांनी मला चहाही विचारला नाही.

आमचे गिऱ्हाईक दोन तऱ्हेचे. कॉलनीतल्या बायका सकाळी अकरानंतर येत, कापडाचा पन्हा विचारत, कापड बोटांत चुरगळून बघत आणि एक मीटर अस्तरासाठी चार तागे उलगडायला लावत. संध्याकाळी पाळी सुटल्यावर नायगावच्या बीडीडी चाळींतले आणि आसपासच्या गिरण्यांतले लोक येत. ते घासाघीस कमी करीत, पण त्यांचे खाते वहीत असे. पगार झाला की आधी वहीचे पैसे द्यायचे आणि मग नवे घ्यायचे, हा व्यवहार वर्षानुवर्षे कागद-सहीवाचून चालला. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. दिवाळीपर्यंत मिटेल या भरवशावर मामांनी उधारी चालू ठेवली. संप मिटल्याचे कुणी जाहीर केलेच नाही, गिरण्या मात्र बंद पडत गेल्या. त्या वर्षीच्या वहीतली बरीच पाने आम्ही शेवटी नुसतीच उलटली. माणसे बेईमान नव्हती. काही गावाला गेली ती परतली नाहीत, काही रस्त्यात भेटली की स्वतःच मान खाली घालत, आणि मामा अशा वेळी मुद्दाम दुसरीकडे बघत.

तेव्हा टीटीचा बाजार लहान का राहिला याचे एक उत्तर माझ्याकडे आहे. नकाशावाल्यांनी फक्त कॉलनी मोजली. आमचा अर्धा गल्ला चाळींतून येत होता, आणि तो अर्धा भाग १९८२ नंतर गेला.

पुलापलीकडून

वरील दोन्ही प्रतिसाद मनापासून आवडले, परंतु ट्रॅमला आणि संपाला जितके श्रेय किंवा दोष दिला आहे तितका मला मान्य नाही. मी जन्मापासून दादर पश्चिमेला राहतो, त्यामुळे थोडा पक्षपात गृहीत धरावा.

मूळ मुद्दा रेल्वेचा आहे. बोरीबंदर ते ठाणे गाडी १८५३ साली धावली आणि पश्चिमेकडची बीबीसीआय रेल्वे १८६४ साली शहरात शिरली. या दोन निरनिराळ्या कंपन्यांची स्थानके दादरला एकमेकांना खेटून उभी राहिली. कल्याणहून येऊन अंधेरीला जायचे असेल तर माणूस इथे गाडी बदलणार, हे ठरूनच गेले. दोन्ही बाजूंच्या फलाटांचे क्रमांक परवा-परवापर्यंत वेगळे होते आणि 'दादरचा एक नंबर' म्हणजे कुठला, यावरून चुकामूक होण्याची परंपरा डिसेंबर २०२३ मध्ये क्रमांक सलग केल्यावरच संपली. १९२५ ते १९२८ या काळात लोकल गाड्या विजेवर आल्या आणि ही गाडी बदलणारी गर्दी अशी वाढत गेली की तिच्यापुढे ट्रॅमच्या टोकाची गर्दी किरकोळ ठरली.

आता दोन्ही बाजूंची जमीन पाहा. पश्चिमेला स्थानकाचा जिना उतरला की पाय थेट बाजारात पडतो. वसई-विरारकडची फुले आणि भाजी पहाटेच्या गाड्यांनी येते आणि स्थानकाच्या दाराशीच विकली जाते; सेनापती बापट मार्गावर, म्हणजे जुन्या लोकांच्या तुळशी पाइप रोडवर, उजाडण्यापूर्वीच झेंडूचे ढीग लागलेले असतात. कार्यालयातून परतणारी बाई एका हातात पास आणि दुसऱ्या हातात कोथिंबिरीची जुडी घेऊन त्याच वाटेने पुढची गाडी पकडू शकते. खोदादाद सर्कलला मात्र स्थानकापासून मुद्दाम चालत जावे लागते. पाच-सात मिनिटांचेच अंतर आहे, पण घरी कुकर लावायचा असलेल्या माणसाला विचारून पाहा, ही पाच मिनिटे केवढी असतात. चौक रस्त्यांना मध्यवर्ती होता, रेल्वेला नव्हता. मुंबईत रेल्वेला जे मध्यवर्ती असते तिथेच बाजार फुगतो, मग गल्ली कितीही अरुंद असो. किंबहुना अरुंद गल्लीत दोन्हीकडची दुकाने एकाच फेरीत पाहता येतात. आंबेडकर मार्ग ओलांडायचा तर सिग्नलसाठी उभे राहावे लागते. सासूबाईंची खरेदी तासाभरात का आटोपते, याचे उत्तर मला यातच दिसते. टीटीला माणूस ठरवून एका दुकानात जातो, आमच्या बाजूला तो चालता चालता दहा दुकानांत ओढला जातो.

टिळक पूल १९२५ च्या सुमाराचा. तो झाला तेव्हा दोन्ही दादर जोडली गेली, आणि पूल जोडतो तसे ओढूनही नेतो, हे पूर्वेच्या दुकानदारांना फार लवकर कळले असावे. त्याच वर्षी शिवाजी पार्कचे मैदान खुले झाले आणि पुढे त्याच्याभोवती मराठी मध्यमवर्गाची वस्ती उभी राहिली. १९६५ साली शिवाजी मंदिर नाट्यगृह सुरू झाल्यावर तर नाटकाआधी साडी आणि नाटकानंतर बटाटेवडा असा दादरचा कार्यक्रमच ठरून गेला. कापडाचे दुकान केवळ कापडावर चालत नाही. माणूस त्या बाजूला आणखी कशासाठी येतो, यावर चालते.

भाड्याच्या कायद्याचाही उल्लेख हवा. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या गाळ्यांची भाडी १९४० च्या पातळीला बांधून ठेवली. परिणामी पागडीचा गाळा कुणी सोडत नाही आणि मालकाला डागडुजीची उमेद राहत नाही. हा कायदा दोन्ही बाजूंना सारखाच लागू होता, म्हणून त्याने बाजार पश्चिमेला नेला असे मी म्हणणार नाही. पण 'ओट्यावरचा' यांच्या मामांच्या दुकानाला फळ्या इतकी वर्षे का राहिल्या, हे त्यातून नक्की समजते.

नायगावची_सून

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी मुलीला घेऊन चौकाला फेरी मारली. इमारतींचे वळण तिने माझ्याआधी ओळखले आणि 'आई, या घरांनी फेर धरलाय' असे म्हणाली. हे वाक्य प्रकल्पात जसेच्या तसे जाणार आहे. सासूबाईही आल्या होत्या. 'पुलापलीकडून' यांचे म्हणणे त्यांना वाचून दाखवले तेव्हा त्यांनी ते मान्य केले, परंतु अस्तराचा रंग साडीशी जुळवायला लागणारी चिकाटी पलीकडच्या दुकानदारांपाशी नाही, असा शेराही मारला.

इराण्यांच्या हॉटेलांचा प्रश्न तेवढा राहिला. सासूबाईंचे म्हणणे असे की हिंदू व्यापारी कोपऱ्याची जागा अशुभ मानीत, म्हणून त्या जागा इराण्यांना मिळाल्या. हे खरे आहे का?

बनमस्का

ही कथा मुंबईभर सांगितली जाते आणि ती ऐकायला छान आहे, पण तिच्यावर सगळा भार टाकू नये. जुन्या शहरात कोपऱ्यावर हिंदू व्यापाऱ्यांची दुकानेही भरपूर सापडतात. इराणी झोरोस्ट्रियन लोक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी यझ्द, केरमान या भागांतून मोठ्या संख्येने मुंबईत आले. ट्रस्टच्या नव्या इमारती उभ्या राहत होत्या तोही हाच काळ, म्हणजे गाळे आणि भाडेकरू दोन्ही एकदमच बाजारात आले होते. हॉटेलाला कोपरा सोयीचाच असतो, कारण दोन रस्त्यांवर दोन दारे उघडतात, दोन्हीकडून उजेड आणि वारा येतो, आणि ट्रॅमची वाट पाहणाऱ्या माणसाला एक कप चहा घेत गाडीवर लक्ष ठेवता येते. संगमरवरी टेबलाशी बसून रस्ता दिसला पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईक बसणारच नाही. दादरला तर पारशी कॉलनी पाठीशीच होती. अशुभाची कथा कुणाच्या मनात असलीच, तर तिने भाडे चार आणे कमी केले असेल, याहून अधिक काही नाही.

जुने_नकाशे

'पुलापलीकडून' यांचा स्थानकाच्या अंतराचा मुद्दा मी मानतो. माझ्या पहिल्या प्रतिसादात तो यायला हवा होता. त्याला एक पुरवणी मात्र जोडतो. चौकाने रेल्वेची गर्दी गमावली तरी लांबच्या रस्त्याची गर्दी त्याच्याकडे उरली. पुण्याला जाणारी एसटी आणि टॅक्सी वर्षानुवर्षे टीटीवरूनच सुटत आली. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धांवरून ज्या निमआराम गाड्यांना 'एशियाड' म्हणू लागले, त्यांचा दादरचा थांबा इतका प्रसिद्ध झाला की आजही लोक त्या जागेला एशियाड म्हणतात. हातात बॅग घेतलेला माणूस साडी घेत नाही. तो फरसाण, पाण्याची बाटली, विसरलेला टॉवेल आणि नातवंडासाठी काहीतरी घेतो. टीटीच्या दुकानांत हा माल कसा वाढत गेला ते पाहिले की चौकाचे गिऱ्हाईक कसे बदलले ते कळते. ट्रॅमचा माणूस रोजचा होता, एशियाडचा महिन्यातून एकदाचा.

कापडाचे म्हणाल तर पूर्वेकडचे कापड टीटीपेक्षा दक्षिणेला हिंदमाता चौकाभोवती एकवटले. लग्नाच्या बस्त्याला लोक आजही हिंदमाताला जातात. तो भाग मूळचा सखल. ट्रस्टने भराव घातला तरी पाणी आपली जुनी जागा विसरलेले नाही, आणि मुसळधार पावसात हिंदमाताला गुडघाभर पाणी साचल्याची बातमी ठरलेली असते. अलीकडे महापालिकेने पावसाचे पाणी साठवायला जवळच्या मैदानांखाली टाक्या बांधल्या आहेत. कापड-दुकानदाराने मालाचे तागे खालच्या फळीवर का ठेवू नयेत, हे तिथल्या माणसाला शिकवावे लागत नाही.

मुलीच्या नकाशात तीन टिंबे काढावीत असे सुचवतो : स्थानक, खोदादाद सर्कल आणि हिंदमाता. तिन्ही ठिकाणी दुकाने आहेत, पण तिन्ही ठिकाणी माणूस निरनिराळ्या कारणाने थांबतो. प्रत्येक टिंबाखाली ते कारण एका ओळीत लिहिले तरी तिच्या गुरुजींना पुरेल.

नायगावची_सून

तीन टिंबांचा नकाशा तयार झाला आहे. हिंदमाताच्या टिंबाला तिने निळा रंग दिला.

'ओट्यावरचा' काका, तिचा एक प्रश्न आपल्यासाठी आहे. त्या अकरा फळ्यांचे पुढे काय झाले, आणि त्यांतली एखादी अजून असेल तर तिचे चित्र काढता येईल का?

ओट्यावरचा

बेटा, मामा गेल्यावर मामेभावाने दुकानाला लोखंडी शटर बसवले आणि फळ्या पोटमाळ्यावर टाकल्या. सागवानी असल्यामुळे एकालाही त्या टाकून द्यायचा धीर झाला नाही. पुढे दोन फळ्यांचे देवघराचे पाट झाले, एक माझ्या घरी पुस्तकांच्या कपाटात आडवी बसली आहे, आणि बाकीच्या अजून तिथेच आहेत. दुकान सोमवारी बंद असते आणि रविवारी उघडे, त्यामुळे रविवारी दुपारी चारनंतर आजीला आणि आईला घेऊन ये. मी तुला पोटमाळ्यावरच्या आठ फळ्या खाली काढून भिंतीशी क्रमाने लावून ठेवतो. आतल्या बाजूचे आकडे अजून वाचता येतात. माझ्या कपाटात आहे ती पाचवी. ती आणता येणार नाही, तिच्यावर ज्ञानकोशाचे खंड आहेत, तेव्हा चित्रात तेवढी जागा मोकळी सोड.